चिठ्ठी नंबर एकशे अठरा

१

चाक फुटलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि कुरुंदवाडच्या आपल्या मळ्यात गुंडू मगदूम इंजिनाकडे पाठ करून उसाला पाणी पाजत होता. इंजिन नवं, अजून दोन महिन्यांचंही नव्हतं. त्याचं बिडाचं चाक दोन माणसांनी उचलायचं एवढं जड, पण काचेच्या बशीसारखं तडकून त्याचे पाच तुकडे झाले. चार तुकडे पोलिसांना मिळाले. पाचवा गुंडूला लागला. तो पंचनाम्यात ‘मिळून आला नाही’ एवढ्या तीन शब्दांत संपला. गुंडूही जवळजवळ तेवढ्यातच संपला, जागच्या जागी.

ही गोष्ट एप्रिल सत्त्याऐंशीची. आठ दिवसांनी पोलिसांनी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या आकाराम पोवारांच्या फाउंड्रीतून केरबाला नेलं. चाक त्या फाउंड्रीत ओतलेलं आणि केरबा तिथला भट्टीवाला. मी हे पेपरात वाचलं, चुकचुकले आणि पान उलटलं. नवव्या दिवशी ती बातमी दुधाच्या किटलीबरोबर माझ्या दारात आली.

“अक्का, दूध घ्या,” तानाबाई म्हणाली. “आन् घेतल्यावर माझं ऐका.”

तानाबाई केरबाची बायको. अकरा वर्षं माझ्याकडे दूध घालते आणि अकरा वर्षांत दुधातल्या पाण्याखेरीज तिने माझ्यापासून काही लपवलेलं नाही. ती उंबऱ्यावरच बसली.

“पोलीस म्हनत्यात, ह्यांनी मुद्दाम केलं. चाकाच्या लोखंडात भंगार जास्त घातलं. मालकाशी भांडान झालतं ना, हातमोज्यांवरनं. हे बोलून बसले, एक दिवस तुझं चाक तुझ्यावरच फिरवतो. धा मानसांनी ऐकलं.”

“आणि केरबा काय म्हणतो?”

“म्हनतो, मशीनीच्या चिठ्ठीत लिवलं हुतं तेवढंच घातलं. चिठ्ठीत साठ हुतं. पोलीस म्हनत्यात, चिठ्ठीची कॉपी हाय मशीनीच्या हापिसात, तिच्यात वीस हाय.” तिने पदराने किटलीची कड पुसली. ती आधीच स्वच्छ होती. “हापीस म्हंजे तुमचंच की. मंगळवारी तारीख हाय. त्या दिवशी सरकारी वकील ती कॉपी कोर्टात दावणार. एकतर माझा नवरा खोटं बोलतोय, न्हायतर तुमचा कागद. कोन ते तुमीच सांगा, अक्का.”

 ती कॉपी फायलीत मीच लावली होती.

२

आमचं हापीस म्हणजे त्र्यंबक सबनीसांचं गणकयंत्र केंद्र. उद्यमनगरात खाली लेथ मशीनांची घरघर आणि वर, थंड हवेच्या खोलीत, चार कपाटांएवढं एक यंत्र. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेलं ते यंत्र साहेबांनी ट्रकमध्ये गाद्या घालून आणलं होतं. कोल्हापुरातल्या एकाही धंद्याला एवढं यंत्र एकट्याने घेणं परवडायचं नाही. म्हणून चार धंद्यांनी ते वाटून घेतलं होतं. पण वाटून घेतल्याचं त्यांना जाणवायचं नाही, ही खरी करामत. आत शिरण्याचा प्रत्येकाचा शब्द वेगळा, डिस्कवरची जागा वेगळी, आणि आत शिरलं की वाटायचं, हे अख्खं यंत्र माझ्या एकट्याचं. एका असलेल्या यंत्राच्या पोटात चार नसलेली यंत्रं.

साहेबांनी त्यांना पंचगंगेच्या नद्यांची नावं दिली होती. पोवारांच्या फाउंड्रीची कासारी, दूध संघाची कुंभी, एका दवाखान्याची तुळशी आणि बाळासो घाटग्यांच्या फाउंड्रीची भोगावती. पोवार आणि घाटगे एकमेकांचं तोंड बघत नसत, पण त्यांचं सगळं गुपित एकाच कपाटात शेजारी शेजारी नांदत होतं. पाहुणे विचारायचे, “नद्या पाच ना? पाचवी कुठाय?” साहेब हसून म्हणायचे, “सरस्वती गुप्त असते.” आम्हीही हसायचो. मालकाच्या विनोदाला हसायची सवय लागते.

माझं काम कार्डं पडताळायचं. एका मुलीने कागद बघून कार्डाला भोकं पाडायची, मग तोच कागद बघून मी तेच पुन्हा करायचं. दोघींत फरक पडला की यंत्र अडायचं. सातवी शिकलेल्या विधवेला साहेबांनी ही नोकरी दिली आणि इंग्रजी मॅन्युअलांच्या कपाटाची किल्लीही. पुढे कार्डं गेली. मी टेपांची, कागदाची आणि रजिस्टरांची राखण करू लागले. सवय मात्र राहिली. दुसऱ्याने केलेलं पुन्हा करून बघायचं आणि कुठे अडतं ते पाहायचं.

आठवड्यातून तीनदा, भट्टी पेटायच्या दिवशी, कासारी चिठ्ठी छापायची, भट्टीत काय किती घालायचं त्याची. पोवारांच्या वहीप्रमाणे चाक बारा फेब्रुवारीला ओतलेलं, म्हणून मी त्या दिवशीची कॉपी काढली. चिठ्ठी नंबर १७१. शंभर भागांत पोलादी भंगार वीस. भंगार फार वाढवलं तर बीड कडक होतं, पण ठिसूळ. वीसला चाक फुटत नाही. साठला फुटतं.

चिठ्ठ्या छापायची श्यामला. चोवीस वर्षांची, बोलायला लागली की थांबत नाही. त्या दिवशीची चिठ्ठी कशी छापलीस, असं विचारलं तेव्हा मात्र तिला वेणीचं टोक फार महत्त्वाचं वाटत होतं.

“नेहमीसारखंच की, लीलाक्का. आपल्या प्रिंटरचं पहिलं पान फिकट येतं, म्हणून चिठ्ठी दोनदा छापते. फिकट पान तुमच्या फायलीला, चांगलं केरबाला. आठ वाजता सायकलवरनं येतो तो.”

“दोन्ही पानं ताडून बघतेस?”

“ताडायचं काय? दोन्ही एकच की.”

नृसिंह आमचा प्रोग्रॅमर, यंत्राच्या पोटातलं सगळं त्याच्या हातचं. त्याने खांदे उडवले. “अक्का, बारा फेब्रुवारी गुरुवार होता. गुरुवारी मी वाडीला दत्ताच्या पायाशी. पहिल्या एसटीने जातो, संध्याकाळी येतो. माझ्यावर केस घालायची तर देवाला साक्षीला बोलवा.”

साहेबांकडे गेले. गोरा, सुकलेला माणूस, साठीला आलेला. टेबलावर त्यांचा स्वतःचा टर्मिनल आणि त्यावर बाईसाहेबांनी क्रोशाने विणलेलं झाकण. नृसिंह त्याला ‘साहेबांची मूर्ती’ म्हणायचा, कारण त्याचं दर्शन कुणाला होत नसे.

“लीलाबाई, एका नदीचं पाणी दुसरीत जात नाही,” ते म्हणाले. “मध्ये भिंती आहेत. तो केरबा बिचारा... त्याच्या बायकोला काही हवं असेल तर सांगा.”

ते मनापासून बोलत होते. म्हणूनच मी दारात थबकले. केरबाला बायको आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

३

पण माणसाला पेपरातूनही कळतं, असं म्हणून मी स्वतःला गप्प केलं आणि बाळासो घाटग्यांकडे गेले. पोवारांचं चाक फुटून कुणाचा फायदा होणार असेल तर त्यांचा.

बाळासो फाउंड्रीच्या दारात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. “या बाई. बसा. इचारा. मी पोवाराच्या मशीनीत शिरलो का, हेच की न्हाय?”

“शिरलात का?”

“मला माझ्याच मशीनीत शिरता येईना झालंय. ती पोरगी श्यामला शिरवती मला, लहान पोरगं शाळंत सोडल्यावानी.” त्यांनी शेंगांची मूठ माझ्यापुढे केली. “पोवाराचं वाईट व्हावं, असं मला रोज वाटतं. खोटं कशाला सांगू. पण त्याची चाकं फुटायला लागली तर उद्या लोक म्हनतील, कोल्हापूरचीच चाकं फुटत्यात. मग माझी कोन घेनार?”

शेंगा खाल्ल्या आणि उठले. एवढं रोखठोक वैर ज्याला परवडतं, त्याला चोरून काही करायची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी तानाबाईबरोबर कळंब्याला गेले. जेलच्या जाळीपलीकडे केरबा उभा होता. भट्टीपुढे काळा दिसणारा माणूस तिथे राखाडी दिसत होता.

“चिठ्ठी कुठाय, केरबा?”

“भट्टीला दिली. शेवटचं ओतून झालं की चिठ्ठी कपाळाला लावायची आन् भट्टीत टाकायची. माझा वस्ताद टाकायचा, मी बी टाकतो. तिचं तिला.”

म्हणजे या माणसाच्या सुटकेचा एकमेव कागद त्याने स्वतः कपाळाला लावून जाळला होता. तानाबाईने डोळे मिटून घेतले.

“चिठ्ठीतलं आणखी काही आठवतंय? तारीख, नंबर?”

“मला विंग्रजी अक्षरं येत न्हाईत, आकडे येत्यात. भंगार साठ, ते आठवतंय.” तो थांबला. त्यावेळी मला वाटलं, श्वास घ्यायला थांबला. “नंबर ध्यानात न्हाई. तो ध्यानात ठेवायचा नसतोच. साच्यात उलटे आकडे बसवतो ना आम्ही. जी चिठ्ठी, तिचा नंबर चाकाच्या पोटावर उठतो. दुसऱ्या दिशी दुसरा.”

“त्या दिवशीची बाकीची चाकं?”

“चाक फुटल्यावर मालकानं सगळी परत आणून वितळवली. भ्यालं ते.” मग जाळीला बोटं लावून म्हणाला, “अक्का, पोलिसांकडं चार तुकडे हायती. त्यावर नंबर असता तर त्यांनी लिवला असता. चिठ्ठी जळली. पन नंबर पाचव्यात हाय.”

४

कुरुंदवाडला गुंडूच्या मळ्यातल्या घरी त्याची बायको शालूबाई गोठ्यात होती. बाळंतीण म्हशीचं करायचं असतं, मग घरात काहीही झालेलं असो.

“पोलिसातनं आलासा?”

“नाही. ज्या यंत्राने चिठ्ठी दिली, तिथून आले.”

 मला वाटलं, हाकलणार. तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग मी तिला सगळं सांगितलं. तानाबाई, केरबा, मंगळवार, कपाळाला लावून जाळलेली चिठ्ठी.

“म्हंजे त्या मानसाला सोडवायला आलासा.”

“ज्याची चूक आहे तो सापडावा म्हणून आले. त्याने केरबा सुटला तर सुटू दे.”

ती उठून गोठ्याच्या कोनाड्याकडे गेली. तिथे गोणपाटाखाली तो तुकडा होता. तिने दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे ठेवला. धुतलेला होता. एखादं भांडं धुवावं तसा धुऊन, वाळवून ठेवला होता.

“पोलिसास्नी सापडला न्हाई, कारन मी आदीच उचलला हुता. का उचलला म्हाईत न्हाई. फेकवत न्हाई, ठेववत बी न्हाई.” मग ती म्हणाली, “न्या. पन परत आना.”

तुटलेली कड पांढरी होती, साखरेसारखी चमकत होती. बीड राखी असायला हवं, पांढरं म्हणजे ठिसूळ, एवढं मीसुद्धा उद्यमनगरात राहून शिकले होते. तुकडा उलटा केला. पोटावर आकडे उठले होते, स्पष्ट, एकही झिजलेला नाही.

माझ्या फायलीत त्या दिवशीची चिठ्ठी १७१ नंबरची होती. लोखंडात ११८ होतं.

५

कागद खोटा असेल किंवा लोखंड. आणि लोखंडात नंतर खाडाखोड करता येत नाही.

शनिवारी सकाळी मी रजिस्टरं घेऊन बसले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा करायला घेतलं.

आधी जुनी फाईल. कासारीने ११८ नंबरची चिठ्ठी खरोखर दिली होती, पण चार महिने आधी, दहा ऑक्टोबरला, दसऱ्याच्या तोंडावर. मग १२ फेब्रुवारीला तोच नंबर पुन्हा कसा उगवला? कासारीचा मोजणारा काटा पुढेच जातो. मागे जात नाही. मागे राहिलेला काटा म्हणजे दुसरंच यंत्र. कुणीतरी ११७ नंतर आणि ११८ च्या आधी अख्ख्या कासारीची नक्कल करून ठेवली असणार. तिचा काटा तिथेच थांबला, आणि फेब्रुवारीत तिच्यातून पहिली चिठ्ठी छापली गेली, तिला पुढचा नंबर मिळाला.

मग टेपांचं रजिस्टर. आठ ऑक्टोबर, बुधवार. एक कोरी टेप, कासारीची नक्कल, सही नृसिंहची.

मग मिनिटं. यंत्र दिवसभरात किती वेळ कामात होतं, तो मोठ्या कपाटावरचा काटा मी रोज लिहून ठेवते. चार नद्यांनी किती मिनिटं खाल्ली, ते श्यामला लिहिते. दोन वह्या कधी कुणी शेजारी ठेवल्या नव्हत्या. मी ठेवल्या. सोमवारी उद्यमनगर बंद, तो सोडला. मंगळवार जुळला. बुधवार जुळला. गुरुवारी चाळीस मिनिटं कमी पडली. पुढच्या गुरुवारी पस्तीस. ऑक्टोबरपासून प्रत्येक गुरुवारी कुणीतरी पाचवं अर्धा-पाऊण तास यंत्र वापरत होतं आणि वहीत त्याचं नाव नव्हतं. शेवटचा गुरुवार सोळा एप्रिल. तेवीस एप्रिलला आकडे मिनिटाला मिनिट जुळले. आणि केरबाला नेल्याची बातमी पेपरात आली होती बावीसला.

मी श्यामलाला बोलावलं आणि तिच्यापुढे तो लोखंडाचा तुकडा ठेवला. काय आहे ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

“तीन पानं होती, लीलाक्का,” ती म्हणाली. “त्या दिवशी प्रिंटरमध्ये दोनाच्या ऐवजी तीन पानं होती. मला वाटलं, चुकून तीनदा दाबलं. पहिलं फायलीला, शेवटचं केरबाला, हीच सवय. मधलं रद्दीत टाकलं. सारखीच दिसत होती हो. तोच छाप, त्याच रेघा. पोलिसांनी ‘पानं दोनच ना?’ असं विचारलं, मी हो म्हटलं. तीन म्हटलं असतं तर मला उचललं असतं.”

“तू छापत होतीस तेव्हा हापिसात आणखी कोण होतं?”

“कुणी नाही. नृसिंहदादा वाडीला. साहेब केबिनमध्ये, ते गुरुवारी लवकर येतात.”

नृसिंहला मी सगळ्यांसमोर नाही, एकट्याला विचारलं. तो टेबलाच्या कडेवर बसला, मग उतरला.

“नक्कल मी केली. साहेबांनीच मागितली. म्हणाले, कोरं यंत्र नको, खऱ्या आकड्यांचं एक दे, मला बघायचंय. मी पाचवं यंत्र उभं केलं. घाईत त्याला प्रिंटरसुद्धा तोच जोडून दिला. आठ दिवसांनी काढून टाकू म्हटलं तर म्हणाले, मी काढतो.”

“नाव काय दिलंत त्याला?”

तो खाली बघत म्हणाला, “सरस्वती.”

६

मी तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून साहेबांच्या टेबलावर ठेवला, आकडे वर करून. टर्मिनलवरचं क्रोशाचं झाकण मी इतकी वर्षं पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याचा एकच कोपरा मळलेला होता, रोज उचलून मळतो तसा.

“हे कुरुंदवाडहून आणलंय, साहेब.”

त्यांनी आकडे वाचले. विचारलं नाही की हे काय. मग मी त्यांना सांगितलं, कसं कसं कळलं ते. नंबर, टेप, गुरुवार, तिसरं पान. ते शाळेत उभ्या केलेल्या मुलासारखे ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, “लीलाबाई, तुम्ही यंत्र कशा शिकलात?”

“चोरून. मॅन्युअलं घरी नेऊन. किल्ली तुम्हीच दिली होतीत.”

“मला चोरून शिकायचीही सोय नव्हती. मी मालक होतो.” त्यांनी झाकण काढून घडी करून ठेवलं. “चार गिऱ्हाइकं मला विचारायची, यंत्र कसं चालतं, आणि मी नद्यांच्या गोष्टी सांगायचो. आत काय होतं, मला काही कळत नव्हतं. नृसिंहला विचारलं असतं तर तो हसला नसता. मान खाली घालून समजावत बसला असता. तेच नको होतं. म्हणून गुरुवारी, तो नसताना. सरस्वतीत बसलं की बरं वाटायचं. तिथे काही मोडत नाही. भंगार चाळीस घाल, साठ घाल, ऐंशी घाल. चाक फुटत नाही.”

“आणि छापलंत का?”

“एकदाच. छापून बघावं वाटलं. शिकणाऱ्याला वाटतं ना, आपलं कागदावर बघावं. उठून प्रिंटरपाशी गेलो तर पान नव्हतं. म्हटलं, श्यामलाने रद्दीत टाकलं असेल. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, मी काय करत होतो.”

“यंत्र नसलेलं होतं, साहेब. पण प्रिंटर एकच होता आणि तो खरा होता.”

“हो.”

“बातमी आली तेव्हा कळलं तुम्हाला.”

“त्याच सकाळी. साठचा आकडा पेपरात होता. सरस्वती पुसून टाकली. तीन मिनिटं लागली.” त्यांनी चष्मा काढला. “रोज ठरवायचो, आज बोलतो. मग वाटायचं, चौघांना कळेल की त्यांच्या डोक्यावर एक पाचवं यंत्र बसलेलं होतं. सगळे सोडून जातील. तुम्ही, श्यामला, नृसिंह, सगळे रस्त्यावर.”

“तुम्ही म्हणाला होतात, मध्ये भिंती आहेत.”

“होत्या. चौघांच्या मध्ये भिंती होत्या. वर छप्पर नव्हतं.”

मला या माणसाची दया येत होती, आणि त्या दयेचा मला राग येत होता. पदरात दोन लेकरं घेऊन मी या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा यांनी मला खुर्ची दिली होती. मी त्याच खुर्चीत बसले होते.

“केरबाची तारीख मंगळवारी आहे,” मी म्हणाले. “मी त्या दिवशी हा तुकडा आणि माझ्या वह्या घेऊन जाणार आहे. तुमच्याशिवाय गेले तर लोक म्हणतील, श्यामलाने केलं. पान तिच्या हातून गेलंय.”

खाली लेथवर कुणीतरी लोखंड कापत होतं.  साहेबांनी फोन ओढून आपल्या वकिलाचा नंबर फिरवला. पहिल्यांदा चुकला. मीच फिरवून दिला.

७

केरबा सुटला तो गुरुवारच होता. साहेबांनी जबाब लिहून दिला होता आणि त्यांच्यावर केस उभी राहिली होती. केंद्राच्या दाराला कुलूप लागलं. पोवार आणि घाटगे आयुष्यात पहिल्यांदा एकत्र आले आणि आपापल्या डिस्का मागायला आमच्या जिन्यात उभे राहिले. मी सही घेऊन दिल्या.

कळंब्याच्या फाटकाबाहेर तानाबाई भाकरी बांधून उभी होती. केरबा बाहेर आला, पण भाकरीकडे पाहिलं नाही.

“चिठ्ठी कुनाची हुती, अक्का?”

मी सांगितलं. नसलेलं यंत्र समजावायला वेळ लागला. शिकणारा म्हातारा मात्र त्याला लगेच समजला.

“म्हंजे ते शिकत हुते.”

“हो.”

“मी न्हाय शिकत हुतो.” तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. “चौदा वर्षं भट्टीवर हाय. चिठ्ठीत साठ वाचलं आन् माझं फावडं थांबलं. थांबलं हुतं, अक्का. हाताला कळलं हुतं, हे चुकीचं हाय. मग म्हटलं, मशीनीला आपल्यापरास जास्त कळतंय. आन् मालकाशी भांडान झाल्यालं. कशाला इचारायला जायाचं त्याच्याकडं. घातलं.” त्याने हात उलटसुलट करून पाहिले. “पोलिसांनी मला इचारलं, मुद्दाम घातलंस का. फावडं थांबलं हुतं का, हे कुनी इचारलंच न्हाई.”

  पडताळणाऱ्या बाईने अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते कुठल्याच मॅन्युअलात मी वाचलेलं नव्हतं.

“चला घरला,” तानाबाई म्हणाली. “म्हस दाव्याला हाय.”

केरबा उठला. माझ्या हातात गोणपाटात गुंडाळलेला तुकडा होता. वजन करून, फोटो काढून, कोर्टाने तो मला शालूबाईकडे पोचवायला दिला होता. केरबाने तो माझ्याकडून घेतला. उघडून आकड्यांवरून बोट फिरवलं, आणि पुन्हा गुंडाळला, दोन्ही हातांनी.

“कुरुंदवाडची गाडी कुठनं सुटती?”

तानाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने भाकरीची गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि त्याच्या पुढे चालू लागली.